उपाशी जंतूंची पैज

आमच्या मुलीला, मानसीला, मुलगा झाला आणि त्याचं बारसं उज्जैनच्या माधवनगरातल्या आमच्या घरी झालं, ते साल १९९४. त्या बारशाला माझ्या बायकोची, वासंतीची, भाची मुक्ता सोलापूरहून आली. चार दिवसांचे कपडे घेऊन आलेली ही पोरगी पाळण्याची दोरी सोडून इथल्या कॉलेजात चौकशीला गेली आणि एम.फिल.ला नाव घालूनच परतली. विषय, जंतू.

"सोलापुरात जंतूंचा दुष्काळ पडला का गं?" मी विचारलं.

"जंतू तिथेही आहेत, काका. सर इथे आहेत."

सर म्हणजे डॉ. सुधाकर महाशब्दे. त्यांचे पूर्वज कधीकाळी शिंद्यांच्या दरबारात कारकून होते आणि घराणं तेव्हापासून उज्जैनातच. सर बोलायचे निम्मं मराठी, निम्मं हिंदी, आणि रागावले की नुसतं हिंदी.

मी आचारी. इथल्या मराठी घरांतल्या मुंजी, लग्नं, श्राद्धं यांचा स्वयंपाक माझ्याकडे असायचा. अक्षरं मी पन्नाशी उलटल्यावर शिकलो, आणि तेव्हापासून समोर आलेली नवी गोष्ट मला सोडवत नाही. त्यामुळे मुक्ता रात्री जेवायला बसली की मी तिला जंतूंबद्दल विचारायचो आणि तिची भाजी गार व्हायची.

"असं बघा," ती म्हणाली, "जंतूच्या पोटात डीएनएचा लांबच लांब धागा असतो. त्याचं सगळं त्या धाग्यात. आम्ही जंतूंवर जांभळ्या दिव्याचे किरण सोडतो. धाग्याला जागोजाग गाठी पडतात. एका जंतूचे दोन व्हायचे तर आधी धाग्याची नक्कल व्हावी लागते, आणि गाठाळलेल्या धाग्याची नक्कल बिघडते. म्हणून बरेचसे मरतात. थोडे गाठी सोडवून जगतात. मला बघायचंय, किरण लागल्यावर त्यांना भरपूर खायला दिलं तर जास्त जगतात, की कमी दिलं तर."

"हा काय प्रश्न झाला?" मी म्हणालो. "भरपूर दिलं तर! आजारातून उठलेल्याला कोणी उपाशी ठेवतं का?"

वासंतीने भाकरी तव्यावर टाकली. "यांना जगात ताटाशिवाय काही दिसत नाही. पोट रिकामं असलं की शरीर स्वतःकडे बघतं. उपाशी आहेत तेच जगतील." तिचे सोमवार, चतुर्थ्या, एकादश्या, प्रदोष असं सगळं चालायचं. जेवायचे दिवस मोजणं सोपं पडायचं.

"पैज?"

"पैज. मी जिंकले तर श्रावणातले सोमवार तुम्ही धरायचे. साबुदाणा नाही, भगर नाही. संध्याकाळपर्यंत नुसतं पाणी."

"आणि मी जिंकलो तर?"

"वर्षभर एकही उपास करणार नाही."

मुक्ताला ठसका लागला. वासंतीने एवढं कधीच कशावर लावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुक्ताने सरांना विचारलं, तर सरही माझ्याच बाजूचे निघाले. "दुरुस्तीला ताकद लागते, ताकद अन्नातून येते. सीधी बात है." मी त्या दिवशी वरण जरा तुपाळ केलं.

आता त्या सोमवारची गोष्ट. तारीख २५ जुलै. आमच्या स्वयंपाकघरात मुक्ताच्या आईने सोलापूरहून पाठवलेलं कॅलेंडर होतं आणि त्यावर आषाढ चालू होता. मराठी महिना अमावस्येला संपतो, इथला हिंदी महिना पौर्णिमेला. त्यामुळे इथल्या लोकांचा श्रावण आमच्या आधी पंधरा दिवस लागतो. उज्जैनात जन्मलेल्या मराठी माणसाला दोन श्रावण अंगवळणी पडलेले असतात. मुक्ताला त्याचा पत्ताच नव्हता. श्रावणातल्या सोमवारी दुपारनंतर महाकालाची सवारी, देवाची पालखी, निघते आणि जुनं शहर बंद होतं, हे तिला ऐकून माहीत होतं. पण तिच्या हिशेबात श्रावण लांब होता.

सकाळी तिने खारट पाण्यातल्या जंतूंवर दिवा सोडला. मग ते पाणी बशांमधल्या घट्ट जेलीवर पसरायला घेतलं. ही जेली म्हणजे त्यांचं जेवण, मांसाच्या अर्काची, अगार घालून थिजवलेली. निम्मं पसरून झालं आणि जेलीच्या बशा संपल्या. कपाट उघडून बघते तर अगारही संपलेला. मुक्ताने डोकं लढवलं. मिठाईवाले ज्या चायना ग्रासने जेली लावतात ती म्हणजे अगारच. उरलेलं पाणी तिने कपाटात ठेवलं आणि टेम्पोत बसून गोपाळ मंदिराच्या बाजारात गेली. पुडा घेऊन दुकानाबाहेर आली तर रस्त्याला बांबू बांधलेले, पोलीस उभे, आणि माणसांची भिंत.

त्याच गर्दीत वासंती पहाटेपासूनची उपाशी, हातात बेलाची पानं घेऊन उभी होती. पुढचं मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं, पण जुळतं.

"आत्या! आज काय आहे इथे?"

"काय आहे म्हणजे? श्रावण सोमवार!"

"श्रावण? कॅलेंडरात तर आषाढ आहे!"

"ते कॅलेंडर सोलापूरचं. महाकाल उज्जैनचा आहे."

"आत्या, मला आत्ताच्या आत्ता जायचंय. माझे जंतू तसेच पडलेत!"

हे ऐकून शेजारची एक बाई अंग चोरून मागे सरली. वासंतीने त्या रिकाम्या जागेत मुक्ताला ओढून घेतलं. "तेवढीच जागा झाली. उभी राहा. पालखी गेल्याशिवाय इथून कोणी हलत नाही."

पालखी गोपाळ मंदिराशी आली तेव्हा दिवे लागायला आले होते. मुक्ता कॉलेजात पोचली, चायना ग्रासची जेली लावली आणि दुपारभर उपाशी पडलेले जंतू तिच्यावर पसरून टाकले. "फेकायच्या ऐवजी पसरले, बस," असं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती धावतच घरी आली. चपला काढल्या नाहीत, तशी स्वयंपाकघरात. वासंती ओरडायला तोंड उघडते तोच हिने तिला मिठी मारली.

"आत्या, सकाळी लगेच जेवायला घातले होते ना, त्या बशीत पाच-सात ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे जगलेल्या एका जंतूचं गोकुळ. आणि जे सवारी संपेपर्यंत उपाशी राहिले, त्यांच्या बशीत..." तिने डब्यातली खसखस चिमटीत घेतली आणि ओट्यावर भुरभुरली. "असे!"

वासंतीने माझ्याकडे पाहिलं.

पण सरांनी ते मानलं नाही. "मुक्ता, ये रिझल्ट नहीं, हादसा है," ते म्हणाले. त्यांचं चुकीचं नव्हतं. कपाटाला काचेची दारं, आणि उजेडाने गाठी आपोआप सुटतात हे त्या शास्त्रातलं जुनं ज्ञान. उपाशी बशीतली जेली किराणा दुकानातली. शिवाय दुपारभर पाण्यात पडून जंतू आपसातच वाढले असतील तर? सरांनी सांगितलं, चांगला अगार येऊ दे, एकाच जेलीवर, पूर्ण अंधारात, माझ्यासमोर कर. झालं तर तुझं. नाही झालं तर प्रबंधात लिहायचं, त्या दिवशी चूक झाली. आणि पुण्याच्या संशोधन संस्थेला तिच्यासाठी शिफारस पाठवायची होती दसऱ्याच्या आत. सर जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते लिहीत नसत.

त्या दिवशी ती जेवली नाही. "काका, मी पाहिलंय ते. मी 'चूक झाली' असं कसं लिहू?"

माझी पैज तर उलट बाजूने होती. तरी मी म्हणालो, "लिहू नकोस. अगार येऊ दे."

अगार मुंबईहून इंदूरला आणि इंदूरहून इथे यायचा होता. आपला श्रावण लागला, संपला. गणपती बसले, गेले. अगार आला तेव्हा पितृपक्ष लागला होता आणि मी श्राद्धांच्या स्वयंपाकात बुडालो होतो. आणि त्याच आठवड्यात सुरतेला प्लेग झाल्याची बातमी आली. गाड्या भरभरून माणसं सुरतेहून पळून येत होती. औषधाच्या दुकानांपुढे रांगा, पोरांच्या तोंडाला रुमाल. कॉलेजात कोणीतरी म्हणालं, आपल्याकडे तर बरण्यांत जंतू पाळलेत! झालं. प्राचार्यांनी फर्मान काढलं, शनिवारी दुपारी सगळे जंतू उकळून नष्ट करायचे आणि खोलीला कुलूप.

"हे प्लेगचे नाहीत," मुक्ताने शिपायाला समजावलं. "हे साधे, माणसाच्या आतड्यात राहतात ते."

"मेरी आंत में?" असं म्हणून तो आणखी लांब जाऊन उभा राहिला.

गुरुवारी तिने जेली शिजवायला घेतली आणि प्रयोगशाळेतल्या मोठ्या कुकरचं रबर फाटलं. वाफ धरेना. नवं रबर इंदूरला. जेली आणि पाणी वाफेवर निर्जंतुक झाल्याशिवाय प्रयोग नाही, आणि शनिवारनंतर प्रयोगच नाही. मुक्ता घरी येऊन माझ्या लग्नकार्याच्या मोठ्या कुकरसमोर उभी राहिली. तो मी राजस्थानी भांडेवाल्याकडून खास करून घेतला होता. त्यात शंभर माणसांचं वरण व्हायचं.

"ने की," मी म्हणालो.

ती हलली नाही. "काका, जेलीत मांसाचा अर्क असतो."

पितृपक्ष चालू. शनिवारी भय्यासाहेब मुळ्यांच्या घरी त्यांच्या वडिलांचं श्राद्ध, आणि वरण याच कुकरात व्हायचं होतं. सांगितलं नसतं तर आम्हाला कळलंही नसतं. पण ही पोरगी तसली नव्हती. मी वासंतीकडे पाहिलं. आमच्या घरात कांदा कापलेली विळीसुद्धा वेगळी असायची. कुकरचं काय करायचं हे मी ठरवण्यासारखं नव्हतं.

वासंती हात पुसत आली. तिने कुकरचं झाकण उचललं, आत पाहिलं, पुन्हा लावलं.

"पैजेत एका बाजूला जेवायलाच घातलं नाही, तर ती पैज कसली?" ती म्हणाली. "घेऊन जा. पण हा कुकर या घरात परत यायचा नाही. मुळ्यांचं वरण पितळी पातेल्यात करा, लाकडं जरा जास्त लागतील."

मुक्ता रडायलाच लागली. वासंतीने तिला ढकललं. "रडायला वेळ आहे का? शनिवार आलाय डोक्यावर."

त्याच संध्याकाळी कुकर मीच टेम्पोत घालून पोचवला आणि शुक्रवारी सकाळी पुन्हा कॉलेजात गेलो. रात्रीच त्यात सगळं शिजून, जेली बशांत थिजून तयार होती, पण मुक्ताला खारट पाण्याचा आणखी एक घाणा हवा होता. मी शेगडी पेटवून बाहेर बसलो. खोलीच्या खिडक्यांना काळे कागद, आत एक पिवळा बल्ब. पिवळ्या उजेडाने गाठी सुटत नाहीत म्हणे.

सर मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवून उभे होते. मुक्ताने जांभळा दिवा लावला, विझवला. निम्मे जंतू लगेच जेलीवर. उरलेले खारट पाण्यात, बाटलीला भेरूगडच्या छापाची आमची जाड चादर चार घड्यांनी गुंडाळलेली.

"और एक बाटली," सर म्हणाले. "ज्यांच्यावर दिवा पडलाच नाही, तेही असेच पाण्यात ठेव. ते वाढले तर तुझा खेळ संपला."

"ठेवलीय, सर." तिने शेजारची दुसरी चादर दाखवली. सरांनी भुवई उडवली.

मधल्या वेळात सरांनी मला हाक मारली. किरण लागलेले थोडे जंतू त्यांनी मांसाच्या रशात सोडून उबेला ठेवले होते. "माधवराव, आओ. तुमची पंगत बघा."

मी जंतू बघायच्या दुर्बिणीला डोळा लावला. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग सरांनी चक्र फिरवलं आणि एकदम चित्र उमटलं. मी ओरडलोच.

"शेवया!"

"काय?"

"शेवया आहेत या! लांबच लांब!"

मुक्ताने मला बाजूला सारून पाहिलं. मग तिने उपाशी बाटलीतला थेंब काचेवर घेतला आणि मला दाखवला. तिथे तांदळाच्या कण्या. आखूड, निवांत.

सर खुर्चीत बसले आणि हळूहळू, जणू स्वतःलाच सांगत, बोलू लागले. धाग्याला गाठ पडली की जंतूच्या आत घंटा वाजते. थांबा, दोन होऊ नका, आधी दुरुस्ती. पण समोर अन्न असेल तर अंग वाढतच राहतं. ही जात अशी आहे की एकदा घंटा वाजली की लवकर बंद होत नाही. मग अंग शेवईसारखं लांबत जातं, दोन व्हायचं राहून जातं, आणि तो तसाच मरतो. जो उपाशी आहे त्याला वाढायची घाईच नाही. तो अंधारात बसून एकेक गाठ सोडवतो. घंटा शांत होते. मग जेवायला घाला, तो सुखाने दोन होतो.

"म्हणजे सर...?" मुक्ता म्हणाली.

"म्हणजे काही नाही. कल सुबह बशा बोलतील. ही नुसती माझी कहाणी आहे."

संध्याकाळ व्हायच्या आत तिने चादरी सोडल्या आणि दोन्ही बाटल्यांतले जंतू त्याच जेलीवर पसरले.

शनिवारी मुळ्यांच्या अंगणात मी पितळी पातेल्याखाली लाकडं सारत होतो आणि माझं लक्ष फाटकाकडे होतं. मुळे म्हणाले, "माधवराव, वरण उतू चाललंय." खरंच चाललं होतं. तसं माझ्या हातून कधी झालं नव्हतं. पिंडदान झालं, ब्राह्मण जेवले, आणि मी हात धुऊन, माझं पान वाढलेलं तसंच सोडून, सायकलवर कॉलेजकडे निघालो. वाटेत वासंती पायी जाताना दिसली. मी सायकल थांबवली. ती मागे बसली. लग्नानंतर पहिल्यांदाच बसली असेल.

खोलीच्या दारात शिपाई बादली घेऊन उभा, तोंडाला रुमाल. आत सर वाकलेले, नाक बशीला टेकेल इतके. एका बोटाने ठिपके मोजत होते. मुक्ता भिंतीला पाठ लावून उभी, डोळे मिटलेले.

लगेच जेवायला घातलेल्यांची बशी मी दारातूनच पाहिली. मोजके ठिपके, एकमेकांपासून लांब.

सरांनी दुसरी बशी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. काळा कागद आता काढला होता. बशी अशी भरली होती की सर मोजता मोजता चुकले, पुन्हा सुरू केलं, पुन्हा चुकले. मग तिसरी, दिवा न लागलेल्यांची. ती त्यांनी किती तरी वेळ पाहिली. पाण्यात ठेवण्याआधी जेवढे होते, जवळपास तेवढेच. एकही फुकटचा वाढलेला नव्हता.

"उजेड नाही," सर म्हणाले. "जेली एकच. वाढलेही नाहीत. तर मग..." ते एकदम उभे राहिले, खुर्ची मागे पडली. "मुक्ता! अरे, ये तो हो गया! हो गया रे बाबा!"

मुक्ताने डोळे उघडले. तिला हसू येईना, रडू येईना. वासंतीने मोठ्याने विचारलं, "सुधाकरभाऊ, कोण जगलं ते मराठीत सांगा."

"उपाशी, वहिनी! उपाशी जगले!"

वासंतीने त्या प्रयोगशाळेत, शिपायासमोर, माझ्या पाठीत असा धपका घातला की माझी टोपी उडाली. मी हरलो होतो आणि मला नाचावंसं वाटत होतं. सर मोजणी पूर्ण करून सही करेपर्यंत शिपाई बादली घेऊन थांबला. मग मुक्ताने स्वतःच सगळ्या बशा आमच्या कुकरात रचल्या आणि झाकण लावलं. शिट्टी झाली तेव्हा ती म्हणाली, "आत्या, तुझेवालेसुद्धा गेले गं."

"त्यांनी सांगायचं ते सांगितलं," वासंती म्हणाली.

शिफारस दसऱ्याआधी गेली. मुक्ता पुण्याला लागली. सरांना नंतर इंदूरच्या एका ग्रंथालयात जुन्या नियतकालिकांत सापडलं की परदेशात कोणी कोणी हे फार पूर्वी पाहून ठेवलेलं होतं. ते स्वतः घरी सांगायला आले. मुक्ता सुटीवर आली होती, तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे मी नवीन काही केलंच नाही?"

"अरे पगली, त्यांना बघायला कोणी तरी शिकवलं असेल. तुला तर मी 'चूक म्हणून लिही' म्हणालो होतो." मग त्यांनी वासंतीकडून चहा मागून घेतला आणि दोनदा प्यायला.

कुकर घरी आला नाही. प्रयोगशाळेतच राहिला. कुलूप निघाल्यावर पुढच्या मुलांनी त्याच्यात जेली शिजवली असं कळलं.

पुढच्या वर्षी श्रावण लागला तसं मी वासंतीला विचारलं, "पैजेतले सोमवार कोणत्या श्रावणातले? इथल्या की आपल्या?"

"उज्जैनात राहता ना? मग इथले. आणि मराठी आहात ना? मग आपलेही."

पहिल्या सोमवारी तिसऱ्या प्रहरी माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. वासंतीने मला गोपाळ मंदिराशी गर्दीत उभं केलं आणि माझा दंड धरून ठेवला. "बसू नका. आत गाठी सुटताहेत," असं कानात म्हणाली आणि स्वतःच हसत सुटली. पालखी गेली, आणि तिने पदराखालून केळं काढून मला दिलं. एवढं गोड केळं मी खाल्लेलं नाही.

मी अजून दोन्ही श्रावणांतले सोमवार धरतो. वासंती १९९९ सालच्या फेब्रुवारीत, उज्जैनातच, आमच्या माधवनगरच्या घरी वारली.